किल्लीशिवाय पेटणारा दिवा

भर दुपारी जिन्याखाली पन्नासेक माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि सगळ्यांचे डोळे एका जुन्या स्कूटरच्या पाठीवर खिळले होते. ती जागा अशी, की दिवसाही चपला चाचपडत शोधाव्या लागतात. स्कूटरवर धुतलेली चादर घातली होती. तिच्याखालून फक्त हँडल आणि मागचा दिवा दिसत होता. शेजारी खुर्चीत माझी ताई बसली होती. डावा पाय स्टुलावर, त्याला जाड फडकं गुंडाळलेलं.

“किल्ली कुठे आहे, आई?” पांढऱ्या सदऱ्यातल्या बाबानं विचारलं.

ताईनं मूठ उघडून किल्ली दाखवली.

“बघून घ्या सगळ्यांनी. किल्ली हिच्या हातात, गाडी बंद. आता गाडीचा मालक बोलेल.”

त्यानं झोळीतून बाटली काढली, किल्लीच्या भोकावर पाण्याची बारीक धार धरली आणि डोळे मिटले. अर्धं मिनिट काहीच झालं नाही. मग मागचा दिवा हळूहळू लाल व्हायला लागला, निखाऱ्यावर कुणी फुंकर घालावी तसा. पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले.

“मालक, तुमच्या बायकोच्या पायाला लोखंड लावू द्यायचं का?” बाबानं दिव्याला विचारलं. “पाहिलंत? तेज वाढलं. मालक नको म्हणतात. डॉक्टरची सुरी लागली की हे तेज निघून जाईल. पुन्हा हाक मारलीत तरी यायचं नाही.”

मागच्या आठवड्यात तेज वाढलं तेव्हा मालक ‘हो’ म्हणाले होते, असं ताईच्या मुलीकडून कळलं होतं. दिव्याला वाढण्याखेरीज काही येत नव्हतं. त्याचा अर्थ लावायचं खातं बाबाकडे होतं.

मी हे मीटरच्या पेटीआडून पाहत होतो. सव्वीस वर्षं मी स्कूटरच्या वायरिंगचं काम करतो, आणि तो दिवा मीच बसवलेला होता.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, छापखान्यात पहिल्या पाळीला जायचे. अंधारात निघावं लागे आणि जुन्या बल्बचा उजेड नावालाच. “यापेक्षा काजवा बांधून दे,” असं म्हणत ते दुकानात आले, तेव्हा मी पुढचा, मागचा आणि चारही इंडिकेटरचे बल्ब काढून एलईडी बसवले. दाजी खूश झाले. दीड महिन्यानं ते छपाईच्या यंत्राशेजारीच कोसळले आणि गेले. स्कूटर जिन्याखाली उभी राहिली.

एक दिवस जिना धुताना वरून साबणाचं पाणी हँडलवर ओघळलं आणि मागचा दिवा मंद पेटला. धुणारी बाई किंचाळली. नेमका त्याच वेळी एक माणूस दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा फिल्टर दुरुस्त करत होता. तो खाली आला, त्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, “इथे कुणीतरी आहे.” पुढच्या आठवड्यात तो पांढरा सदरा घालूनच आला. लोक त्याला तेजबाबा म्हणू लागले.

ताईला बारा वर्षांपासून साखरेचा आजार. चपलेनं बोटाला जखम झाली, ती भरेना. बाबानं दोन गोष्टी सांगितल्या: डॉक्टरकडे जायचं नाही, आणि तारांना हात लावणारा माणूस या घरात नको. म्हणजे मी. मी फोन केला तर ताई म्हणाली, “काही दिवस येऊ नकोस. तुझे दाजी नाराज होतात.” मला राग आला. म्हटलं, बस मग दिव्याशी बोलत. पाच आठवडे मी फुगून घरी बसलो. हे मी लपवत नाही, कारण यात बाबाइतकाच माझाही हात आहे.

त्या दुपारच्या आदल्या दिवशी भाचीचा फोन आला. “मामा, आईच्या पायाला वास येतोय. रुसवा सोड आणि ये.”

मी येताना घासणीचा कागद, पेट्रोलचं फडकं, पेचकस आणि एक जुना बल्ब घेऊन आलो होतो. त्या दुपारी दिवा पेटला तसा मी पुढे झालो.

“बाबा, ती बाटली जरा बघू.”

“अपवित्र हात लागला तर—” तो बोलत होता तोवर भाचीनं बाटली उचललीही. मी थेंबभर पाणी जिभेवर घेतलं.

“खारट आहे,” मी म्हणालो.

“मामा, हा आपल्याकडे फिल्टर विकायला आला होता,” भाची म्हणाली. “ओट्यावर ग्लासात दोन तारा बुडवून छोटासा दिवा पेटवून दाखवला होता. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, म्हणाला. मग फिल्टरचं पाणी घेतलं तर दिवा लागेना.”

मी किल्लीचा स्विच खोलून बाहेर काढला. आतल्या पितळी पट्ट्यांवर मिठाचा पांढरा आणि गंजाचा हिरवा थर चढला होता. मी तो घासला, पेट्रोलनं पुसून कोरडा केला. दिवा विझला. घरातलं फिल्टरचं पाणी ओतलं. दिवा विझलेलाच राहिला. पुसून पुन्हा कोरडा केला, मग भाचीनं त्याच पाण्यात चमचाभर मीठ ढवळून दिलं. ते ओतलं आणि दिवा लाल झाला. बाबानं ओठ हलवले नव्हते, डोळेही मिटले नव्हते.

“किल्ली फिरवली की या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि बॅटरीची वीज दिव्याकडे जाते,” मी सांगितलं. “मधे मिठाचं पाणी गेलं की किल्लीशिवायही थोडी वीज झिरपते. जुना बल्ब एवढ्याशा विजेनं लागत नाही, त्याची तार तापायलाच जास्त वीज लागते. एलईडीला थेंबभर पुरते.” मी जुना बल्ब लावून तेच पाणी ओतलं. पूर्ण काळोख. “दाजी या गाडीवर अकरा वर्षं बसले. त्यांचा आत्मा जुन्या बल्बात का येत नाही, ते बाबांनी सांगावं.”

बाबा म्हणाला, “विज्ञानाचा कर्ताही तोच आहे.” मग झोळी काखेत मारून तो निघून गेला. कुणी त्याला अडवलं नाही. लोक पांगले, आणि बरेचजण माझ्याकडे असे पाहत गेले, की जणू मी त्यांच्या घरातून काहीतरी उचलून नेलं होतं.

ताई खुर्चीतच होती.

“म्हणजे ते नव्हतेच इथे?” तिनं विचारलं.

“नाही, ताई.”

“मी रोज दुपारी त्यांच्याशी बोलत होते.” ती हातातल्या किल्लीकडे पाहत म्हणाली, “तू आधी का नाही आलास?”

 मी आणि भाचीनं तिला उचलून रिक्षात बसवलं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडलं आणि म्हणाल्या, “महिन्याभरापूर्वी आणलं असतं तर एका बोटावर निभावलं असतं.” पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. जखमेतलं विष रक्तात गेलं होतं. ताई जगली, पण मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, आणि डॉक्टर पुढचं बोलताना भाचीला बाहेर बोलावतात.

इमारतीत म्हणतात, श्रद्धा कमी पडली म्हणून पाय गेला. परवा तिसऱ्या मजल्यावरची बाई ताईला भेटायला आली. तिच्या जावेच्या छातीत गाठ आहे. तेजबाबा आता नदीपलीकडच्या वस्तीत बसतो, तिथे एका बंद पडलेल्या रिक्षाचा दिवा बोलतो म्हणे.

“तिला तिकडे नेऊ नका,” ताई म्हणाली. तिनं अंगावरचं पांघरूण बाजूला केलं. “हे बघा आणि घरी जाऊन तिला सांगा.”

बाईनं पाहिलं, डोळे पुसले. मग म्हणाली, “तुमचं नशीब, वहिनी. एकदा दाखवून यायला काय हरकत आहे?” आणि ती जावेला तिकडेच घेऊन गेली.

मी गेलो त्या वस्तीत. मीठ, फडकं, जुना बल्ब, सगळं घेऊन गेलो. लोकांनी मला रिक्षापर्यंत पोचूच दिलं नाही. उद्या पुन्हा जाणार आहे. फार आशा आहे म्हणून नव्हे, त्या जावेची गाठ अजून छोटी आहे म्हणून. हे वाचणाऱ्यांकडे एवढंच मागणं आहे: चमत्कार दिसला तर जवळ जाऊन हात लावून पाहा, आणि जो हात लावू देत नाही त्याला त्याचं कारण विचारा. तो उत्तर देवो न देवो, तुमच्या माणसाचं दुखणं तोवर थांबत नाही. त्याला आधी डॉक्टरकडे न्या. आणि घरच्यांवर रुसला असाल तर आजच जा.