नवव्या पानावरची चौकट

प्रतीक्षाने स्क्रीनवरच्या फॉर्ममध्ये एकतिसाव्या पानावरचं ‘वाहक’ काढून ‘सामान्य’ निवडलं आणि पानं मागे सरकवत नवव्यावर आली. तिथेही ‘सामान्य’ झालं होतं. त्या पानाला तिने हातही लावला नव्हता.

पुन्हा पुढे गेली. ‘रुग्ण’. पुन्हा मागे आली. ‘रुग्ण’.

खाली मुंबईला जाणाऱ्या गाडीचा हॉर्न वाजला.

“मनीष, त्यांना निघू देऊ नकोस.”

मनीष दारातच थांबला. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीचं संस्थेतलं सगळं काम तोच बघायचा. “अगं, डॉक्टरांनी मोठ्या मुश्किलीने वेळ दिलीय. आज पोटातलं बाळाभोवतीचं पाणी सुईने तपासायला काढलं नाही, तर पुढचा आठवडा.”

“सोमी काय म्हणाली ते ऐकलंस ना?”

सोमी बाहेरच्या बाकावर बसली होती, चौथा महिना. शेजारी तिचा नवरा जिव्या. मघाशी संमतीच्या कागदावर अंगठा उठवताना ती सहज बोलून गेली होती, “पण ताय, आमच्याकडली नर्सबाय तं बोलली, तुजा काय नाय, बरा हाय. आता दादल्याचा बघू.”

फॉर्मवर मात्र दोघंही वाहक होते. वाहकाला स्वतःला आजार नसतो, पण आईबाप दोघं वाहक असले तर मूल आजारी निपजू शकतं. म्हणून ही गाडी, ही सुई.

“हा फॉर्म तूच बनवलास ना?” प्रतीक्षाने विचारलं.

“मीच. बायकोची पानं कॉपी करून नवऱ्याची केली. सगळ्या चौकटींची नावं बदलली की.”

“एक राहिली. निकालाची. आतलं नाव एकच असलं की दोन्ही चौकटी एकच उत्तर धरतात. एकीत भरलं की दुसरीत तेच उमटतं.”

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. बायकोची तपासणी आधी व्हायची. नवरा वीटभट्टीवरून, कारखान्यातून सुटी काढून येईल तेव्हा त्याची. नर्स तीच फाइल उघडून थेट नवऱ्याच्या, एकतिसाव्या पानावर जायची, निकाल निवडायची, ‘पाठवा’ दाबायची. मागे जाऊन बायकोच्या निकालाचं नववं पान बघायचं कुणाला काही कारणच नव्हतं.

प्रतीक्षाने जमा झालेल्या उत्तरांचा तक्ता उघडला. बायको सामान्य, नवरा सामान्य. वाहक, वाहक. सामान्य, सामान्य. ती खालपर्यंत गेली. एकाही जोडप्यात फरक नव्हता.

“पत्रिका जुळवूनच लग्नं लावलीत म्हणायची,” मनीष हसला. मग त्याचं हसू आपोआप थांबलं. “नर्सकडचे जुने निकाल?”

“रक्त तपासायची कार्डं वापरून झाली की जाळून टाकतात. वहीत लिहायचं आपणच बंद केलं, दोनदा काम नको म्हणून.”

ती कपाटातून नवं कार्ड घेऊन बाहेर गेली.

“आता आणखी काय?” जिव्या उठून उभा राहिला. “सकाळधरना उपाशी हाय ती.”

“फक्त बोट टोचायचंय. मग सांगते.”

सोमीने मुकाट्याने हात पुढे केला. रक्ताचा थेंब कार्डावर पडला आणि तिघंही त्या कार्डाकडे बघत बसली. खाली ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. ‘ए’समोर, म्हणजे निरोगी रक्ताच्या खुणेसमोर, रेघ उमटली. प्रतीक्षा पूर्ण वेळ थांबली, कार्ड खिडकीपाशी नेऊन तिरकं धरून पाहिलं. ‘एस’ची, म्हणजे सिकलसेलची, जागा कोरीच राहिली.

“सोमी, तुला काही नाही. सुई टोचायची गरज नाही. चूक आमची झाली.”

“ना पोराला काय?” जिव्याने विचारलं.

“आजार नाही होणार. फार तर तुझ्यासारखं वाहक होईल.”

“म्हंजे दोष माजा एकल्याचाच हाय.”

“तुजा तं सगळाच दोष हाय,” सोमी म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून हसली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “चल, आदी वडापाव घाल मला.”

ती दोघं गेली. मनीषने गाडी परत पाठवली आणि खुर्चीत अंग टाकलं.

“वाचलो. आणि हे बघ, दोघंही खरंच वाहक असतील तर फॉर्मने ते लपवलेलं नाही. नवरा वाहक, म्हणून बायकोही वाहकच दिसणार. म्हणजे आपण कुणाला उगाच घाबरवलं असेल, पण धोक्यातलं मूल एकही सुटलेलं नाही.”

प्रतीक्षा कागदावर पेन्सिलीने जोड्या मांडत होती. त्याचं म्हणणं बरोबर होतं. तिने एकेक जोडी तपासून खोडली. शेवटच्या जोडीवर पेन्सिल थांबली.

“आणि बायको स्वतःच रुग्ण असेल तर?”

नवरा सामान्य असला की तीही सामान्यच दिसली असणार, आणि गरोदरपणात जीव तिचाच धोक्यात.

तिने तक्त्यात ‘रुग्ण’ शोधलं. एकही नाव आलं नाही. एवढ्या बायकांत एकही नाही. मग तिने तपासणीच्या वेळी ज्यांनी अंगदुखीची, म्हणजे या आजाराच्या लक्षणाची, तक्रार लिहून दिली होती, त्या गरोदर बायका वेगळ्या काढल्या. सगळ्यांत जास्त दिवस भरलेली वर आली. तेजल, आठवा महिना. नवरा रूपेश, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. कुटुंब मूळचं नंदुरबारकडचं, राहणार बोईसर. निकाल: सामान्य, सामान्य.

तिने नंबर लावला.

“कोण? हां, सिकलसेलवाल्या ताई! मी तेजलची सासू, गोजराबाई.”

“तेजल कशी आहे?”

“आहे की. निजलीय. आठवा लागल्यापासून नुसतं निजणंच आहे बघा. कधी म्हणते हाडं दुखतात, कधी म्हणते दम लागतो. मी म्हटलं, आम्हीपण पोरं काढली बाई. तुमचा तो निकालाचा मेसेज रूपेशने छापून आणलाय, देवाजवळ ठेवलाय. रोज दाखवते तिला. म्हटलं, मशीन सांगतंय तुला काही नाही, मग तुझंच काय वेगळं? काम नको, दुसरं काय.”

प्रतीक्षाने डोळे मिटले, उघडले. मनीष खाली बघत होता.

“गोजराबाई, त्या मेसेजमध्ये चूक आहे. तेजलचा निकाल आमच्याकडे नाहीच. तो रूपेशचा आहे.”

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

“म्हणजे हो?”

“तिला सिकलसेल असेल तर डोळे पिवळे दिसतील. एवढं बघा. आत्ता. मी फोन धरून थांबते. मग गाडी करून लगेच निघते.”

फोन कुठेतरी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. चपला फरफटत लांब गेल्या. दुसऱ्या खोलीत कुणीतरी पडदा ओढला. मग गोजराबाईंचा आवाज आला, आत्ताच बोलत होत्या त्याहून अगदी वेगळा.

“तेजल, ए पोरी... उठू नको, पडून राहा. फक्त डोळे उघड गं माय. माझ्याकडे बघ.”