परदेशी सत्र

आंतरराष्ट्रीय वित्त हा विशेष विषय घ्यायचा, तर एक सत्र परदेशात काढलंच पाहिजे, असा आमच्या विद्यापीठाचा नियम. ज्या उंटावरच्या शहाण्याने तो केला, तो कधी शेजारच्या गावाला तरी गेला होता का, देव जाणे.

"अहो, मी परदेशातच तर आहे," मी अभ्यासक्रम सल्लागार बाईंना म्हटलं. "माझं घर समुद्रापलीकडे. इथे मीच परकी."

"नोंदीप्रमाणे विद्यापीठ जिथे, तो तुमचा मूळ देश," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

मला त्या सत्राशी काही देणंघेणं नव्हतं. आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि मला तिच्याजवळ असायचं होतं, बस्स. दादा एकटा किती धावणार? मी रजा मागितली. तर म्हणे, रजा घेतलीत की शिष्यवृत्ती बंद, आईसाठी वेगळी तरतूद नाही. माझं डोकंच फिरलं. तो अर्ज टराटरा फाडला आणि दुसरा लिहिला: परदेशी सत्रासाठी मला माझ्याच देशात जायचंय.

बाई खुर्चीतून उठल्याच! "वा! तो देश फारसं कुणी निवडत नाही. पण भाषेचं काय करणार?"

"घेईन जमवून," मी म्हटलं. कपाळ माझं!

पण नमनालाच घडाभर तेल. आधी म्हणे परदेश तयारी वर्ग. एक तास बुडाला तरी परवानगी नाही, आणि परवानगीशिवाय गेलं की शिष्यवृत्तीवर पाणी. शिकवणारे गृहस्थ आमच्या देशात एकदा आठवडाभर राहून आलेले, तेही हॉटेलात. तेवढ्यावर स्वारी तज्ज्ञ! तिथे आवाज चढवू नका, घरी बोलावलं तर नाही म्हणू नका, म्हातारी माणसं फार प्रश्न विचारतात, चिडू नका. मी दातओठ खात ऐकत होते.

अशात डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे आणलं. वर्ग चालू असतानाच दादाचा फोन आला. मी बाकाखाली वाकून घेतला.

"आईला आत नेतायत. बोल पटकन," दादा म्हणाला आणि फोन तिच्या कानाला लावला.

"कुठे आहेस गं?" आईचा आवाज बारीक झाला होता.

"वर्गात."

"आता कसला वर्ग?"

"आपल्याकडे येऊन तुमच्याशी कसं वागायचं, त्याचा."

आई हसली. धाप लागली तरी हसली. "शीक बाई. मला इतक्या वर्षांत जमलं नाही, त्यांना जमतंय का बघू."

"फोन ठेवा," गृहस्थ म्हणाले. "त्या देशात हा उद्धटपणा समजतात."

आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. परवानगी त्यानंतर आली.

मी गेले. सत्रभर दादाबरोबर तिचं कपाट आवरलं, भेटायला येणाऱ्यांसमोर बसले, काकूच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मध्येच दोन बँकांत जाऊन चलनाच्या दरांवर अहवालही खरडला. राहिलात कुठे, या रकान्यात लिहिलं, आईच्या घरी.

पूर्ण गुण मिळाले. खाली सल्लागार बाईंचा शेरा होता: विद्यार्थिनी स्थानिक कुटुंबात छान मिसळली.