आयडाचे अकरा दिवस

त्या रविवारी दुपारी हिल्डा थ्वेट पबच्या वरच्या मजल्यावर चढली, ती फक्त एक फाइल देऊन परत फिरायची म्हणून. तीन चाळीसच्या बसने घर गाठायचं, हे तिने आधीच ठरवलं होतं. डेस्मंडला जाऊन दहा महिने झाले होते. त्याचे कोट, बूट, दाढीचं सामान सगळं मार्गी लागलं होतं, आणि परवा कपाटाच्या तळाशी ही पाचवी फाइल सापडली. आधीच्या चार मंडळाकडेच होत्या. हीसुद्धा त्यांच्याच गळ्यात मारावी आणि मोकळं व्हावं, एवढाच तिचा बेत.

मंडळ 'गॅनेट'च्या भक्तांचं. सत्तरच्या दशकात टीव्हीवर लागणारी ही अंतराळातली मालिका. गॅनेट हे यान पुठ्ठ्याचं, आणि ग्रह कुठलाही असो, दगडाची खाण तीच. ती खाण हॅलिफॅक्सपासून तासाभरावर, म्हणून इथल्या मंडळाचं नाक इतर गावच्या मंडळांपेक्षा बोटभर वर. हिल्डाने उभ्या जन्मात मालिकेचा एक भाग शेवटपर्यंत पाहिला नव्हता. कप्तानाने डोळे बारीक केले की तिला इस्त्रीचे कपडे आठवायचे.

डेस्मंड मात्र त्यातच बुडालेला. चौतीस वर्षं खपून त्याने 'कालपट' लिहिला: गॅनेटवर कुठल्या तारखेला काय घडलं, याची दिवसागणिक नोंद. मंडळाचा नियम एकच आणि कडक. जे पडद्यावर दिसलं, तेच घडलं. बाकी सगळ्या बाता. कप्तानाच्या कोटाला सात बटणं की आठ, यावरून इथे दोन ख्रिसमस अबोला चालला होता, आणि शेवटी डेस्मंडनेच सात सिद्ध करून अध्यक्षांना तोंडघशी पाडलं होतं. त्यानंतर त्याच्या कालपटावर बोट ठेवायची कुणाची छाती झाली नाही.

अध्यक्ष म्हणजे मॅल्कम ऑल्डरशॉ. आयुष्यभर लोकांच्या घरांच्या पायाला भेगा शोधत फिरलेला सरकारी तपासनीस, आता निवृत्त. त्याने हिल्डाकडून फाइल घेतली, पण तिला सोडलं नाही. दर सभेची सुरुवात कालपटातली त्या दिवसाची नोंद वाचून व्हायची, तशी रीतच होती.

"मिसेस थ्वेट, आज तुम्हीच वाचा," तो म्हणाला. "कदाचित ही शेवटचीच वेळ असेल."

शेवटची का, हे विचारायच्या आत तिच्या हातात दुसरी फाइल आली. समोर मॅल्कम धरून बाराजण, निम्म्यांच्या अंगात गॅनेटच्या खलाशांचे चंदेरी सदरे, एकाच्या सदऱ्यावर खालच्या मजल्यावरच्या जेवणाचा ओघळ. हिल्डाने चष्मा लावला आणि लग्नाची यादी वाचावी तशा सुरात वाचलं.

"४ ऑक्टोबर २२८७. स्वयंपाकीण आयडा हिची पुडिंगं फुगली नाहीत. तिने दोष भट्टीला दिला. भट्टीची तपासणी झाली. भट्टी निर्दोष. हे आयडाला सांगण्याचं धाडस कुणीही केलं नाही."

खोलीत हसू पसरलं. आपल्याच घरातल्या खाष्ट मावशीचा किस्सा ऐकावा तसे सगळे हसले. "आयडा ती आयडाच," क्लॅरन्स म्हणाला. हा जुना बसचालक, डेस्मंडच्या शेजारी बसणारा.

हिल्डा हसली नाही. भट्टीचं दार सैल होतं. हे ती आजही कुणासमोर शपथेवर सांगेल. तो रविवार होता, मोठी नणंद जेवायला आली होती, आणि ट्रेमध्ये बारा पुडिंगं चपलांसारखी पडून राहिली होती. तिने मनातल्या मनात तीनशे वर्षं वजा केली. चार ऑक्टोबर एकोणीसशे सत्त्याऐंशी.

ती मागच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि फाइल उलटू लागली. आयडाने दिशादर्शकाचे, म्हणजे यानाची वाट आखणाऱ्या गड्याचे, बूट हवाबंद दारातून बाहेर भिरकावले. बरोबर, परसात, पावसात, आणि ते त्याच लायकीचे होते. आयडाने शेजारच्या यानातल्या बाईला 'माझ्या वाटेला जाऊ नकोस' असं सुनावलं. शेजारच्या मिसेस क्रॉफ्टला तिने खरंच तसं सुनावलं होतं. मग ११ मे २२९१: आयडाने निळा पोशाख घातला. यान मार्गापासून चार अंश ढळलं. दिशादर्शकाने कारण नोंदवलं नाही.

त्या दिवशी डेस्मंडने तिला कात्री कुठे आहे एवढंच विचारलं होतं.

तिला रडू आलं नाही, आधी राग आला. हा माणूस चाळीस वर्षं समोर बसून जेवला आणि तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिला. तिला वाटायचं, आपण याच्या लेखी घरातल्या कपाटासारखे. असलो तर असलो. आणि हा पठ्ठ्या एकेक गोष्ट टिपून ठेवत होता, तिला सोडून सगळ्या गावाला वाचून दाखवत होता.

शेजारी बसलेल्या मुलीला तिने हळूच विचारलं, की मालिकेत या आयडाला काम तरी किती होतं. मुलगी कीली, दातांच्या दवाखान्यात कामाला, नव्या सिनेमामुळे मंडळात आलेली. तिने बोटं मोजली. दोन भागांत मिळून आयडा तीन वाक्यं बोलते आणि त्यातलं एक 'सूप गरम आहे' असं आहे. बाकी सगळी आयडा कालपटातली. पण सगळ्यांना तीच जास्त आवडते, कीली म्हणाली.

म्हणजे बटणं मोजणाऱ्या या बारा शहाण्यांनी आयडा कधी मोजलीच नव्हती. डेस्मंडने लिहिलं, म्हणजे पडद्यावर असणारच. हिल्डाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण तेवढ्यात समोर वादाला तोंड फुटलं आणि 'शेवटची वेळ' कशाची ते तिला कळलं.

गॅनेटची गोष्ट नव्या सिनेमात पुन्हा पहिल्यापासून सांगितली होती. त्यात एक खलाशी मागच्या काळात जातो, नको तिथे हात घालतो, आणि तिथून पुढे सगळं वेगळंच घडतं. कप्तान वेगळा वाढतो, यान काचेचं होतं, आणि त्यावर स्वयंपाकघरच नसतं. भूक लागली की भिंतीतून वडी येते. आता प्रश्न असा, की जुनं जे घडलं होतं त्याचं काय? मॅल्कमचं म्हणणं सरळ होतं. पाया उखडला की वरचा मजला राहत नाही, भूतकाळ बदलला म्हणजे जुनं सगळं पुसलं गेलं, कधी घडलंच नाही. तेव्हा कालपट बंद करावा, वाचनाची रीत मोडावी, आणि नव्या काळाची नवी वही घालावी. त्याला वाईट वाटत होतं, पण नियम तो नियम.

क्लॅरन्स उलट बाजूचा. बस वळवली म्हणून जुना रस्ता गायब होत नाही, तो म्हणाला. त्या रस्त्यावरची माणसं आपापल्या थांब्यावर उभीच असतात. कीली नवी असूनही त्याच्याच बाजूने होती. कुणी फळ्यावर रेघा काढल्या, कुणी त्या पुसल्या. एकाने बिअरच्या चकत्या मांडून काळाचा फाटा दाखवला आणि दुसऱ्याने त्यातलीच एक उचलून आपल्या ग्लासाखाली सरकवली. बघता बघता प्रकरण हमरीतुमरीवर आलं.

हिल्डाने घड्याळ पाहिलं. बस गाठायला अजून वेळ होता. फाइली घरी नेते म्हटलं असतं तर कुणी आडवं आलं नसतं, उलट बसमध्ये चढवायला मदतच केली असती. पण घरी नेऊन करायचं काय? घरी आयडा कागदावर असती आणि हिल्डा खुर्चीवर, आणि दोघींकडे बघणारं कुणी नाही. इथे या वेड्यांना आयडा ठाऊक होती. तिचा तोरा, तिची भट्टी, तिचा निळा पोशाख यांना पाठ होता. डेस्मंडने तिच्याविषयी जे कधी तिला सांगितलं नाही, ते दर महिन्याला या खोलीत मोठ्याने वाचलं जात होतं, आणि ते थांबावं असं तिला अजिबात वाटेना. खरं सांगायची मात्र सोय नव्हती. आयडा पडद्यावर नाही म्हटलं, की याच लोकांनी नियमाचं बोट धरून तिला ओळीओळीने खोडली असती.

मतदान झालं. सहा विरुद्ध सहा. बटणांच्या भांडणापासून अध्यक्षाला जादा मत नव्हतं, त्यामुळे घोडं तिथेच अडलं.

"डेस्मंडचं मत उरतंय," क्लॅरन्स म्हणाला. गेलेल्या सभासदाची जागा वार्षिक सभेपर्यंत घरच्या माणसाला मिळायची. अट एकच, अध्यक्षाच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं.

मॅल्कमने हिल्डाकडे पाहिलं. हिने एकही भाग पाहिलेला नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं, कारण डेस्मंडने ते दुःख त्याच्याकडे अनेकदा बोलून दाखवलं होतं. सोपा प्रश्न विचारला तर ती नवऱ्याच्या कालपटासाठीच हात वर करेल, आणि त्याच्या बाजूचे लोक म्हणतील, आपलंच मत पाडायला मदत केली. त्याने असा प्रश्न काढला की ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं.

"फेब्रुवारी २२९६," तो म्हणाला. "आयडा दिशादर्शकाशी अकरा दिवस बोलली नाही. का?"

खोलीत कुरकुर झाली. हे काही बरोबर नाही, कीली म्हणाली. कालपटात कारण दिलेलंच नव्हतं. त्यावर मंडळात तीन मतं होती आणि तिन्ही मतांची माणसं एकमेकांना पाण्यात पाहत होती. हिल्डाने फाइल मिटली.

"त्या शुक्रवारी तिच्या आईला पुरलं," ती म्हणाली. "दिशादर्शक सकाळीच बाहेर पडला होता, कुणा मोठ्या माणसाची सही घ्यायला. एकच्या गाडीने येतो म्हणाला. आला तेव्हा माती लोटून झाली होती. पाहुणे हॅमची सँडविचं खात होते, आणि हा त्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. चंदेरी कपड्यांत."

कुणी हसलं नाही. कीलीने विचारलं, तेही जपून, की हे कुठल्या भागात आहे.

"तुमच्या पाहण्यात आला नसेल," हिल्डा म्हणाली.

क्लॅरन्सने मान खाली घातली. हिल्डाच्या बाजूचा असूनही त्याला राहवेना. "मॅल्कम, नियमाने ते पडद्यावर…"

मॅल्कमचं लक्ष नव्हतं. तोही तीनशे वर्षं वजा करत होता. ब्लॅकपूलची ती सहीसाठीची रांग, कप्तानाचं काम करणारा नट दोन तास उशिरा आलेला, आणि पुढे उभा असलेला डेस्मंड सारखा घड्याळ बघतोय. कुठे जायचंय, हे त्याने सांगितलं नव्हतं आणि मॅल्कमनेही विचारलं नव्हतं. त्याने फक्त खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, आता थांबलाच आहेस तर थांब, दहा मिनिटांत नंबर लागेल. तेव्हाही दोघांच्या अंगात चंदेरी सदरेच होते. मॅल्कमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बटणांच्या वेळीसुद्धा तो इतका लाल झाला नव्हता.

"मी पाहिलंय," तो म्हणाला. "उत्तर बरोबर आहे."

मॅल्कम ऑल्डरशॉने पाहिलंय म्हटल्यावर ते पडद्यावर होतं, विषय संपला. एकजण तर पुटपुटलाही, की आपल्याला आधीपासून हाच संशय होता. हिल्डाने हात वर केला. सात विरुद्ध सहा. रस्ता फुटला होता, जुना पुसला गेला नव्हता, आणि पुढच्या महिन्यातही कालपट वाचला जाणार होता.

बाकीचे प्यायला खाली उतरले. बस केव्हाच गेली होती. मॅल्कम फळा पुसायचं निमित्त करून मागे राहिला. बराच वेळ त्याने एकच जागा पुसली, मग येऊन हिल्डाच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

"मला ठाऊक नव्हतं हो," तो म्हणाला. "थांब म्हणणारा मीच होतो."

"थांबला तो," हिल्डा म्हणाली. "तुम्ही काही त्याला बांधून ठेवलं नव्हतं."

त्याने फाइल ओढून घेतली, पान शोधलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "बाराव्या दिवसाचं त्याने एवढंच लिहिलंय. 'आयडा म्हणाली, मीठ दे.' पुढे काही नाही." त्याने बोट काढून घेतलं. "तेव्हा तिचा राग गेला होता का?"

हिल्डाने त्या ओळीकडे पाहिलं. डेस्मंडचं अक्षर तिथे इतर पानांपेक्षा जरा मोठं आलं होतं.

"मीठ माझ्या प्लेटजवळच होतं," ती म्हणाली. "तो उठला, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आला, ते उचललं आणि माझ्या हातात दिलं."