फक्त पाठ

तिने नवऱ्याला भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसवलं आणि त्याचा सदरा मानेपर्यंत वर सरकवला.

"फक्त पाठ घ्यायची," तिने फोटोवालीला पुन्हा बजावलं. "तोंड नको. लेकाची नोकरी जाईल."

रसायनांच्या कारखान्यात नवऱ्याची उमेदीची वर्षं गेली होती. पाठभर करडे, भेगाळलेले चट्टे. दोन वाक्यं बोलला की धाप लागायची. विडीने झालं, असं कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याने जन्मात विडीला हात लावला नव्हता. त्याच्याच खात्यात आता मुलगा लागला होता, नुकताच पर्मनंट झाला होता.

कंपनीने नदीची आणि माणसांची काय गत केली ते जगापुढे मांडायचं म्हणून फोटोवाली वस्तीत दारोदार फिरत होती. लोक तिला पाहूनच कडी लावून घेत. इथे काय ते दार उघडलं, तेही मुलगा कामावर गेलेला बघून.

"आयुष्यभर कंपनीला तोंड दाखवलं," नवरा भिंतीशी हसला, "आता पाठ दाखवतो."

हसता हसता त्याला ठसका लागला. ती त्याची पाठ चोळत असतानाच दार ढकलून मुलगा आत आला. यंत्र बंद पडल्यामुळे पाळी लवकर सुटली होती. कॅमेरा बघून तो दारातच थबकला.

"मीच बोलावलं हिला," ती घाईघाईने म्हणाली. "तुझं नाव कुठे येणार नाही रे."

मुलाने डबा खाली ठेवला आणि शर्टाची बटणं काढली. गळ्याखालून पार पोटापर्यंत तसलेच करडे चट्टे होते.

ती पुढे झाली. रोज नवऱ्याला मलम लावणारा हात तिने लेकाच्या छातीवर टेकवला.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बाबांचं करून तुला उसंत कुठे होती, आई."

"काय झालं गं?" नवऱ्याने भिंतीकडे बघतच विचारलं.

फोटोवालीने कॅमेरा खाली घेतला होता. ती जमिनीकडे बघत उभी होती.

"काढ ना गं," आई म्हणाली. लेकाच्या छातीवरचा हात तिने उचलला नव्हता. "थांबलीस का?"