मर्लच्या बॅगेतला दगड

ख्रिसमसच्या सुट्टीत ब्लू माउंटन्समधल्या डोहावर मुक्कामाला जायचं ठरलं की माझी सासू मर्ल घराचा ताबा घेते. सत्तरी उलटलीय, पण सगळ्यांच्या बॅगा तीच उपसते. यंदाही आदल्या दिवशी तिनं व्हरांड्यात ताडपत्री अंथरून सामान पसरलं. मुलांचे जादा स्वेटर गेले, माझी उशी गेली. माझा नवरा डॅरिल घडीची खुर्ची घेऊन आला, तर म्हणाली, "तिथं बसायला खडक कमी पडले का रे?"

डॅरिलनं त्याचा सूड उगवला. डोंगरात निघालेल्याच्या बॅगेत गुपचूप दगड घालायचा, ही आमच्याकडची जुनी खोडी. आईची पाठ फिरताच त्यानं मागचं दार आपटू नये म्हणून ठेवलेला दगड उचलला आणि तिच्या बॅगेच्या तळाशी सरकवला.

दुसऱ्या दिवशी ती सगळी वाट चढली, उतरली, कुरकुरली नाही. डॅरिल गालात हसत होता. डोहाशी पोचल्यावर तिनं बॅग उघडून दगड काढला आणि काठावर अलगद ठेवला.

डॅरिलचा चेहरा पडला. "तुला माहीत होतं?"

"बॅग उचलली तेव्हाच कळलं. हा इथलाच आहे. लग्नाआधी तुझ्या बापानं इथंच माझ्या बॅगेत घातला होता, घरी जाईपर्यंत मला पत्ता नव्हता. इतकी वर्षं दार धरून बसला बिचारा. म्हटलं, सोडावं याला घरी."

मग बूट काढता काढता म्हणाली, "परतताना तंबू मी घेते. माझी बॅग हलकी झालीय."