उपासाआधीचं मटण

मार्थाने बटाट्याचं दुसरं पाणीही मोरीत ओतलं. नवऱ्याच्या, शांतवनच्या, किडन्या गेल्यापासून त्याच्या वाट्याचा बटाटा क्षार निघून जावेत म्हणून असा दोनदा उकडून, पार बेचव होऊनच ताटात यायचा. शेजारच्या शेगडीवर बाकीच्यांसाठी मटण रटरटत होतं. उद्या राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपासकाळाचा पहिला दिवस. मग ईस्टरपर्यंत या घरात मटणाचं नाव काढायचं नाही.

चर्चच्या आवारातला कार्निव्हल आटपून त्यांचा मुलगा प्रभुदास लेकीला घेऊन आला. काव्याचं तोंड रंगाने माखलं होतं. नाक लाल, गाल निळे.

"अगं बया! ह्ये कुठलं भूत आणलंस रे?" मार्था म्हणाली.

सगळे हसले. शांतवनही हसला, पण त्याला लगेच धाप लागली. दुपारीच तो डायलिसिसहून परतला होता. आठवड्यातून तीनदा रिक्षा, सुया, ते मशीन, आणि घरी येऊन गलितगात्र पडणं. दर खेपेला मार्था सोबत असायची. तिच्या गुडघ्यांची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती, तिला स्वतःलाही नाही.

ताटं मांडली. या जेवणात ज्याने त्याने उपासकाळात काय सोडणार ते सांगायचं, अशी या घरची रीत. एकदा सांगितलं की त्यावर कुणी वाद घालायचा नाही. शांतवनचा बाप हयात होता तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

"मी मोबाईलवरचे गेम," काव्या म्हणाली.

"दोन दिस टिकलीस तरी लई झालं," शांतवन म्हणाला.

"मी चहा," प्रभुदास म्हणाला.

"म्हणजे आता ईस्टरपर्यंत तुझं डोकं दुखणार आन् आमचं तू खाणार," मार्थाने टोमणा मारला.

शांतवनने हातातला घास ताटात ठेवला.

"मी डायलिसिस."

काव्या फिसकन हसली. मग सगळ्यांची तोंडं बघून गप्प झाली.

"पप्पा, मस्करी नका करू. गुरुवारी गेला नाहीत तर..." प्रभुदासचा आवाज चिरकला. "डॉक्टर काय म्हणालेत? ईस्टर तर सोडाच, तुम्ही..."

"ठावं हाय. समदं इचारून घेतलंय मी. वाद न्हाय घालायचा, पोरा. दमलो रे. लई दमलो."

"मम्मी, तू तरी बोल की!"

मार्था चमच्याने शांतवनच्या वाटीतला बटाटा मोडत बसली होती. तिला संताप आला होता, नवऱ्याचा, देवाचा, त्या मेल्या मशीनचा. रोज पहाटे दुखऱ्या गुडघ्यांवर बसून ती एकच मागायची, हा माणूस राहू दे. आणि देव तिचं ऐकून त्याला पुन्हा त्याच सुयांखाली धाडायचा. शांतवनच्या दंडावर दुपारची पट्टी तशीच होती. खाली शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. तिला ते बघवेना.

"आज्जी, तुझं राहिलं," काव्या हळूच म्हणाली.

"माझं व्हय?" मार्थाने पदराने तोंड पुसलं. "मी पहाटे मागते ना देवाजवळ, ह्यांना राहू दे म्हणून. ते मागायचं सोडलं."

शांतवनने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

मार्थाने बटाट्याची वाटी बाजूला सारली, मटणाचं पातेलं जवळ ओढलं आणि नवऱ्याला विचारलं, "नळी वाढू?"