दुसरा ब्रेक

उपचार संपले तेव्हा घरच्यांचा जीव भांड्यात पडला. एक स्तन गेला होता, पण केस परत आले होते आणि रिपोर्ट स्वच्छ होते. नवरा भेटेल त्याला सांगत सुटला, "वाचली बघा!" तीही मान डोलवायची. आत मात्र सगळं सामसूम होतं. आजारपणात रोज काही ना काही करायचं असायचं. आता नुसतं बरं असायचं होतं, आणि तेच तिला जमेना.

ती गाडी चालवायला शिकवायची. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. कामावर परतल्यावर सीटबेल्ट व्रणावर काचायचा, म्हणून ती त्याखाली रुमाल ठेवी. बाकी तक्रार नव्हती.

एका सकाळी शिकायला आलेल्या काकूंनी वळणावर गडबडून भलतंच पेडल दाबलं. समोर गोदामाची भिंत. भिंत जवळ येताना तिने शांतपणे पाहिली. विटांच्या फटींत शेवाळ होतं. शेवटी काकूंनीच किंचाळत ब्रेक दाबला. बंपर चेपला, माणसं वाचली.

"अहो मॅडम, तुमचा पाय कुठे होता?"

"ब्रेकवर," ती म्हणाली. खरंच होतं ते. तिने फक्त दाबला नव्हता.

तिथून ती तडक नणंदेकडे गेली. नणंदेची जीभ तिखट, पण तिच्यासमोर उसनं हसू आणावं लागत नसे. नणंद इस्त्री करत होती. सगळं ऐकून तिने बटण बंद केलं.

"वहिनी, गोळ्या तरी घेतेस ना? आजार परतू नये म्हणून दिल्यात त्या?"

"बंद केल्यात."

"विसरलीस?"

"नाही. घेऊन काय करायचं, असं वाटलं."

"दादाला माहितीये?"

"तो इतका खुशीत आहे. त्यावर विरजण कशाला?"

"विरजण गेलं खड्ड्यात. चप्पल घाल."

कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उपचारांनंतर मन असं खचतं बऱ्याच जणींचं. मग गोळ्या सुटतात, तपासण्या चुकतात. छातीइतकंच हेही बघायला हवं." त्यांनी तिला वरच्या मजल्यावर, मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नणंद जिन्यातही मागे होती. "तुझा भरवसा नाही, मधूनच सटकशील."

नवऱ्याला काही कळेना. "अगं, पण तू तर बरी झालीस!" असं तो दोनदा म्हणाला. मग रोज गोळीबरोबर पाण्याचा पेला आणून देऊ लागला. असलं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

गाडीत बसणं तिने आपणहून थांबवलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने तोंड वाकडं केलं, पण वर्गात रस्त्यावरच्या खुणा शिकवायचं काम दिलं. मनाच्या डॉक्टरांचं औषध लागू पडायला वेळ लागला. मग एकदा वर्गात कुणीतरी 'प्रवेश बंद'ची पाटी बघून म्हणालं, "ही आमच्या सासूबाईंच्या खोलीवर लावा." सगळ्यांबरोबर तीही हसली. हसू आपलंच होतं, हे तिच्या जरा उशिराने लक्षात आलं.

अजूनही एखादा दिवस जड जातो. तेव्हा ती नणंदेला फोन करून तेवढंच सांगते. नणंद कपड्यांचं बोचकं घेऊन येते, आणि दोघी घड्या घालत बसतात.